रिकामं खोगीर

माजलगावात वरातीला घोडी देणारे एक गृहस्थ आमच्या गल्लीत राहतात. त्या लढाईच्या मोठ्या सिनेमाचा ट्रेलर आल्यापासून ते रोज मला अडवून तो बघायला मोबाईल मागायचे. त्यातल्या राजाकडं त्यांचं लक्षच नसायचं. राजाच्या पांढऱ्या घोडीवर बोट ठेवून म्हणायचे, "कान बघा की. लई भ्याली हाय ती." आणि पडद्यातल्या घोडीला चुचकारायचे.

पहिल्या खेळाला पोरांनी टॉकीजपर्यंत मिरवणूक काढली. घोडी अर्थातच यांची. पुढाऱ्याचा पुतण्या दाढी वाढवून, जिरेटोप घालून बसायला आला. यांनी लगाम सोडला नाही.

"नवरदेव कुणीबी व्हतंय, मालक. त्यो राजा व्हता येत न्हाई."

पुतण्या लाल झाला, पण हलगी कडाडली आणि रिकाम्या खोगिराची घोडी पुढं निघाली. टपरीवरच्या म्हाताऱ्यांनी चपला काढून हात जोडले. मग पुतण्याही टोप काखेत धरून मागं चालू लागला.

खेळ सुटल्यावर आम्ही डोळे पुसत बाहेर आलो. हे आत आलेच नव्हते. लिंबाखाली घोडीच्या मानेवर हात ठेवून उभे होते. मला बघताच पुढं आले आणि हळूच विचारलं,

"भाऊ, ती घोडी वाचली का?"