बोलणं बंद, कुदळ नाही

शाळेची पहिली घंटा दिली की ठमाबाई स्टाफरूमच्या दारात येऊन विचारायची, "बाई, आज कोन कुनाशी बोलंना?" मग मी वर्तमानपत्राचं परराष्ट्राचं पान उघडायचे. कोणत्या देशानं कोणाचा राजदूत परत पाठवला, कोणी सीमा बंद केली, हे वाचून दाखवायचे. ती कप विसळत ऐकायची.

तुम्ही दोघा नातवंडांनी तिला पाहिलं नाही. मूळची घाटघरची, आमच्या जुन्नरच्या शाळेत शिपाई, शिक्षण दुसरीपर्यंत. मी पुण्याला इंग्रजीतून राज्यशास्त्र घेऊन एम.ए. झालेली. शाळेच्या दर्शनी फळ्यावर रोजचा सुविचार माझ्या अक्षरात असायचा. तरी मला तिचा हेवा वाटायचा. हे मी आज पहिल्यांदाच लिहिते आहे.

एकदा लोकसभेच्या निवडणुकीत मी सगळ्या जाहीरनाम्यांचा तक्ता करून वर्गात लावला. मुलं तक्ता सोडून तिच्याकडे गेली. मत कसं द्यायचं, मावशी? ती म्हणाली, "पुढाऱ्याच्या खाचरात समद्यांच्या कुदळी येत्यात. त्याची कुदळ कुनाच्या खाचरात गेली का, त्येवढं बगायचं." डोंगरउतारावरच्या भाताच्या तुकड्याला खाचर म्हणतात. गावानं मिळून एकेकाचं खाचर पाळीपाळीनं बांधून द्यायचं, ती पडकई. मुलं माझा तक्ता विसरली. तिची कुदळ विसरली नाहीत.

पुढे शेजारच्या एका देशात भूकंप झाला. त्या देशाशी आपलं वाकडं. पी.टी.चे सर म्हणाले, "कशाला पाठवायची मदत? मरू द्या तिकडं." मी राष्ट्रहित आणि नीती यांवर बोलायला सुरुवात केली होती. मधेच ठमाबाई म्हणाली, "सर, आमच्यात बोलाचाली नसली तरी मानूस पडकईला येतो. बोलनं बंद, कुदळ न्हाई."

"आणि त्यानं पुन्हा कुरापत काढली तर?"

"मंग भांडू की! पन भांडायला त्यो जित्ता नको का?"

सगळे हसले. मुख्याध्यापक मला म्हणाले, "बाई, उद्याचा सुविचार हाच. खाली ठमाबाईंचं नाव घाला." मी वाक्य सुरेख अक्षरात लिहिलं. नाव घातलं नाही.

दुसऱ्या दिवशी ती दारात आली. "बाई, आज कोन कुनाशी बोलंना?"

मी पेपर मिटून तिच्यापुढे टाकला. "तूच वाच."

तिनं पेपराची घडी नीट केली. म्हणाली, "आसं व्हय. म्हंजी आज आपुन दोगी." त्यानंतर तिनं कधी विचारलं नाही आणि मीही बोलले नाही.

त्याच पावसाळ्यात आपल्या परसातली दगडी भिंत कोसळली आणि स्वयंपाकघराचं दार गाडलं गेलं. तुमचे आजोबा तेव्हा अंथरुणाला खिळलेले. सकाळी पाहते तो ठमाबाई दोन बायका घेऊन परसात, हातात कुदळ. दुपारपर्यंत तिनं दार मोकळं केलं. मी चहा दिला. तो प्यायली, कप विसळून पालथा घातला आणि गेली. एक शब्द नाही. मला बोलता आलं असतं. आधी तिनं बोलावं म्हणून मी थांबले.

ती निवृत्त होऊन घाटघरला गेली. गेल्या वर्षी वारली. भात निघाल्यावर कळलं की तिच्या खाचराची पडकई आहे. बाजारातून नवी कुदळ घेतली आणि वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षी मी तिथे पोचले. तिच्या सुनेनं मला पाहून बांधावरची घोंगडी झटकली. "बसा, बाई. आत्याबाई म्हनायच्या, बाई येतील. पन मी गेल्यावर."

मी बसले नाही. कुदळ मला पेलेना, म्हणून बांधाला दगड लावू लागले. सहा लावले. सातवा उचलताना पुन्हा हेवाच वाटला. मला इतकं ओळखणारं दुसरं कोणी नव्हतं, आणि तिच्याशीच मी बोलत नव्हते.