न दिसलेला उतार

हे लष्करातलं पोस्टिंग नव्वदच्या दशकातलं. पोस्ट साडेतेरा हजार फुटांवर. मी हवालदार होतो, काम बर्फ मोजण्याचं. सकाळी सहा आणि दुपारी दोन वाजता खड्डा खणायचा, तापमान घ्यायचं, मुठीत बर्फ दाबून ओल पाहायची. दर आठवड्याला खालच्या तळावरून उपग्रहाच्या रडारचं चित्र यायचं. ओला बर्फ रडारची लहर शोषतो, म्हणून चित्रात काळा दिसतो. तेवढे उतार मी नकाशावर निळ्या पेन्सिलीने रंगवायचो. निळा म्हणजे ओला, कधीही घसरणारा. कोरडा उतार पांढरा सोडायचा. उपग्रहाकडे तोंड केलेले उभे उतार मात्र चित्रात दुमडतात, तिथलं काहीच वाचता येत नाही. माहीत नाही तिथे रंग भरायचा नाही, हा माझा नियम. त्यामुळे तेही पांढरेच राहायचे.

गस्तीचा कमांडर नाईक बामा पाटील. तो तळोज्याजवळच्या गावचा, मी पनवेलचा. मला मास्तर म्हणायचा.

एप्रिलमधल्या एका सकाळी साडेआठला त्याने नकाशावर बोट ठेवलं.

“मास्तर, नाल्याची डावी बाजू निळी हाय. उजवी?”

“निळी नाही.”

“मंग उजवीनं जातो. का तुमची पेन्सिलच संपली?”

सगळे हसले. मीही हसलो. पाच जण निघाले.

९.५० ला मी रेडिओवर विचारलं, “लोकेशन?”

“नाल्यात, उजवीकडं. मास्तर, बर्फ बूट सोडत नाय. गुडघ्याएवढा आत जातोय. ओव्हर.”

मी नकाशाकडे पाहिलं.

“मागे फिरा. लगेच. ओव्हर.”

“रॉजर.”

त्यानंतर रेडिओ बोलला नाही.

११.१० पर्यंत चौघांना घसरलेल्या बर्फाखालून जिवंत बाहेर काढलं. बामा तिसऱ्या दिवशी सापडला.

चौकशीत मी सगळं सांगितलं. शिक्षा झाली नाही. न दिसलेल्या उतारांवर यापुढे तिरप्या रेषा मारायच्या, एवढं ठरलं.

रिटायर होऊन पनवेलच्या खांदा कॉलनीत राहायला आलो, त्या पहिल्याच रविवारी बामाच्या गावी गेलो. त्याच्या वडिलांना कागदावर नाला काढून दाखवला, उजवी बाजू चित्रात दुमडलेली होती तेही सांगितलं.

“तितं दिसत नाय, हे तुमाला माहीत होतं?”

“हो.”

“त्याला बोललात?”

“नाही.”

त्यांनी कागदाची घडी घालून खिशात ठेवली. “त्याच्या आईला यातलं काय बोलू नका.”

दर एप्रिलमध्ये जातो. त्याची आई जेवायला वाढते आणि दर वेळी विचारते, “बामा तुमचं ऐकायचा ना?”

मी सांगतो, “ऐकायचा.”