चैनलालचं मचाण

दुसऱ्या महायुद्धातल्या एका वर्षी आमच्या गावात कुजबुज उठली, की गिरजा लुळी पडली न पडली तोच चैनलालनं दुसरी आणली. आणि ठेवली कुठं, तर शेतातल्या मचाणावर. कोणी म्हणे लुगडं दिसलं, कोणी म्हणे हसणं ऐकलं. छोटेलालनं तर तिचं माहेरसुद्धा सांगून टाकलं, चिचगडचं.

गिरजा म्हणजे चैनलालची बायको. लेकरू नव्हतं. धान दाण्यावर आलं की राघूंचे थवे उतरत, आणि तिच्या गोफणीपुढं एक टिकत नसे. त्या वर्षी अंगावरून वारं गेलं, उजवं अंग झोपलं. चैनलालची थोरली बहीण धुरपताबाई सासरहून भेटायला आली ती खाटेजवळ बसूनच बोलली, "शेत राखाले बाई पायजे. दुसरी कर. गिरजाबी खाईन दोन घास."

ती गेल्यावर गिरजा नवऱ्याला म्हणाली, "मले मचाणावर बसव. यंदा राघू हाकलले नाही, तं आन दुसरी."

गोफणीला दोन हात लागतात. पण चैनलाल बिरसीला लढाईच्या विमानांसाठी होणाऱ्या धावपट्टीवर मुरूम टाकायला जायचा. तिथं एक गोरा शिपाई काठीला दोन दोरे बांधून लहानसं विमान स्वतःभोवती फिरवायचा. काठी कलली की विमानाचं शेपूट हले, विमान वरखाली होई. चैनलालनं ते डोळ्यांत भरून घेतलं आणि बांबूच्या काड्यांचं तसंच केलं. दोरे कोशाच्या रेशमाचे. कागद मात्र भाताच्या पेजेनं चिकटवला, तो एका रात्रीत उंदरांनी पंखांसकट खाल्ला. दुसरं विमान धावड्याच्या डिंकानं चिकटवलं.

उडवायचं डाव्या हातानं. तो हात बिचारा जन्मभर फक्त खडा धरायला होता. गिरजा काठी ओढायची, विमान धानात शिरायचं. चैनलाल काढून आणायचा. राघू बांधावर बसून खात राहायचे. एकदा ती रडली, काठी फेकली. चैनलालनं काठी उचलून परत तिच्या हातात दिली.

"ओढू नोको," तो म्हणाला. "नुसतं मनगट कलव."

हळूहळू विमान धानावर गोल फिरू लागलं, घारीसारखं. राघू उठले ते पुढच्या शेतात गेले. पुढचं शेत छोटेलालचं, म्हणून त्याला मचाणाची एवढी माहिती.

अफवा धुरपताबाईपर्यंत पोचली. नवी भावजय बघायला ती हिरव्या बांगड्या घेऊन थेट शेतात आली. शिडी चढली आणि थबकली. बराच वेळ ती विमानाकडं आणि त्याखालच्या भरल्या धानाकडं बघत राहिली. गिरजानं विमान उतरवलं, काठी मांडीत धरली.

"बांगड्या कोनासाठी आनल्या, बाई?"

धुरपताबाईनं तिचा डावा हात ओढून घेतला. "मचाणावरच्या बाईसाठी," ती म्हणाली, आणि भरू लागली.

दुसरी बाई कधी नव्हतीच. मचाणावर गिरजाच बसायची. नवऱ्याच्या पाठीवर बसून जाताना गावानं बघू नये, म्हणून ती उजाडायच्या आधी जायची आणि अंधार पडल्यावर परतायची.