तू पुढे हो, चहा सांग

सुधाकर गेल्याची बातमी मला एका टेम्पोवाल्याने दिली, आणि मी ती धुडकावून लावली. मी कशेडीच्या जुन्या घाटात, पारूबाईंच्या टपरीवर चहा पीत बसलो होतो. त्याच्यासाठी सांगितलेला कप समोर झाकून ठेवला होता. टेम्पोवाला थांबला आणि म्हणाला, "खाली तुमचा मास्तर बसलाय सायकलपाशी. हाक मारली, तर बोलला नाय." मी म्हटलं, "पंक्चर काढतोय. कामात असला की तो कुणाशी बोलत नाही." आणि पुढचा घोट घेतला... हे वाक्य त्यानेच माझ्या तोंडात घातलं होतं. यासाठी मी त्याला माफ केलेलं नाही, करणारही नाही.

पेपरच्या पुरवणीसाठी त्याच्यावर चार चांगले शब्द लिहा, असा निरोप आला. चांगले शब्द शोकसभेत संपले. महाडमधले झाडून सगळे वक्ते मास्तरांच्या तयारीवर बोलले. तयारी कसली, ते मला विचारा. आम्ही शाळेपासूनचे मित्र, मी पुढे कोर्टात वकिली केली, तो विज्ञानाचा मास्तर झाला. निवृत्तीनंतर त्याने बॅटरीची सायकल घेतली आणि मलाही घ्यायला लावली. पेट्रोल वाचतं, हवा शुद्ध राहते, असलं भाषण पहिल्याच दिवशी ऐकवलं. मग पंक्चरचं शिक्षण सुरू झालं. या सायकलीच्या मागच्या चाकातच मोटर असते, वायर सोडवल्याशिवाय चाक निघत नाही, आणि रस्त्यावरचे पंक्चरवाले तिला हातही लावत नाहीत. म्हणून हा मला त्याच्या ओटीवर बसवून चाक काढायला लावायचा. वायरची जोडणी आधी, नट नंतर, कुठली चकती कुठल्या बाजूला. चुकलो की पहिल्यापासून. वर्गात उभं करावं तसं विचारायचा, "पाना कुठे आहे? पंप? जादा ट्यूब?" पिशवी दाखवल्याशिवाय निघू द्यायचा नाही. माझी सोल्युशनची ट्यूब या सरावातच पिळून चपटी झाली. एवढा छळ मी कुठल्या न्यायाधीशाकडूनही सोसला नव्हता.

आणि इतकं करून पंक्चर व्हायचं ते त्याचंच. शिवथरची वाट असो की कशेडी, चढ लागला की हा मागून ओरडायचा, "हवा कमी वाटतेय. तू पुढे हो, चहा सांग." मी थांबतो म्हटलं तर चिडायचा. दोघांनी उन्हात कशाला तापायचं, चाक काढायला वेळ लागतो, तुला माहीत आहे ना! माहीत होतंच, त्यानेच शिकवलं होतं. मग बऱ्याच वेळाने हा घाम पुसत यायचा, हात मात्र स्वच्छ. तो हातमोजे वापरायचा, म्हणून त्याचंही मला काही वाटलं नाही. पारूबाई तर त्याला चिडवायच्या, "मास्तर, तुमच्या चाकाला माझ्या चायची चव लागली हाय. हितं आला की बसतंच." तो हसायचा आणि जास्त साखरेचा चहा मागायचा.

बाराव्यानंतर मालतीवहिनींनी सांगितलं. डॉक्टरांनी त्याला चढ चढायचा नाही म्हणून बजावलं होतं. बॅटरीची सायकल आली ती म्हणूनच. "तुम्हाला सांगायचं नाही, अशी शपथ घातली होती, भाऊजी. म्हणाले, त्याला कळलं तर तो मला घाटात नेणार नाही." नसतंच नेलं. सायकलीला कुलूप घालून किल्ली सावित्रीच्या पात्रात फेकली असती, आणि हा आज ओटीवर बसून मला शिव्या देत असता. ते तरी माझ्या वाट्याला यायला हवं होतं. टायरमध्ये कुठे काटा घुसेल याचा विचार करणाऱ्या या हुशार माणसाने, स्वतःच्या छातीत कळ आली तर सोबतच्याने काय करायचं, एवढं शिकवलं नाही. उलट मला दर वेळी पुढे पिटाळलं. वहिनींवरही माझा राग आहे, आणि तो त्यांना माहीत आहे.

परवा त्यांनी मला बोलावलं. त्याची पिशवी पुढे केली आणि म्हणाल्या, "तुम्हाला उपयोगी पडेल." मी ओटीवर बसून ती उघडली. पाना, पंप, टायर उचकटायच्या पट्ट्या, सगळं जागच्या जागी. ठिगळांचं पाकीट दुकानातून आणलं तसं बंद. सोल्युशनच्या ट्यूबचं टोपण फिरवलं, तर तोंडावरचा पत्रासुद्धा फोडलेला नव्हता... एकदाही नाही. एवढ्या घाटात, एवढ्या वेळा, या माणसाने एकही पंक्चर काढलं नव्हतं. तो फक्त रस्त्याच्या कडेला बसून श्वास घेत होता, आणि मी वर त्याच्यासाठी साखर जास्त सांगत होतो.

सायकल भिंतीला टेकून उभी होती. त्या दिवसानंतर तिला कुणी हात लावलेला नाही. मी मागचं चाक अंगठ्याने दाबून पाहिलं. कडक होतं. पुन्हा दाबलं. आतून वहिनींनी विचारलं, "भाऊजी, चहा टाकू ना?" त्यांनी बाहेर येऊन माझा चेहरा पाहू नये असं मला वाटत होतं.

"टाका," मी म्हटलं. "जरा हवा बघून येतो."