ड्रायव्हरबाईंचं स्वयंपाकघर

ड्रायव्हरबाईंनी नोकरी सोडली तेव्हा घरी सांगितलं, कंटाळा आला. खोटं बोलायची सवय नव्हती, म्हणून वाक्य छोटं ठेवलं. "कंटाळा आला, सोडली."

खरी गोष्ट वेगळी होती. शाळेची बस चालवणाऱ्यांचे डोळे दरवर्षी तपासतात. यंदा डॉक्टरीणबाईंनी त्यांना एका यंत्रासमोर बसवलं, हनुवटी टेकवायला लावली आणि म्हणाल्या, "नजर समोर ठेवा. कडेला दिवा लागलेला दिसला की बटण दाबायचं." बाई बटणावर अंगठा ठेवून बसून राहिल्या. शेवटी त्यांनाच राहवेना. "अहो, यंत्र सुरू करा की."

यंत्र केव्हाच सुरू झालं होतं.

समोरचं लख्ख दिसत होतं. बाजूचं दिसणं मात्र कडेकडेनं झिजत चाललं होतं. हळूहळू जाईल, वर्षं लागतील, कदाचित बरीच वर्षं, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. थांबवायचं औषध नव्हतं. बस मात्र त्या दिवसापासून बंद. डेपोत किल्ली देऊन बाई चालत घरी आल्या. रस्ता ओलांडताना दोन्हीकडे मान पार वळवून वळवून बघत होत्या. गेली कित्येक वर्षं आपण लोकांच्या लेकरांना डोळ्यांत तेल घालून नेलं-आणलं, आणि त्यातली शेवटची काही वर्षं आपल्याला अर्धाच रस्ता दिसत होता की काय, असं म्हणत त्या एकेक फेरी आठवत चालल्या. कोणाला खरचटलंसुद्धा नव्हतं. तरी आठवणं थांबेना.

घरात नवरा होता. त्यांना सगळी गल्ली मास्तर म्हणायची, कारण ते कपडे शिवायचे; पुढच्या खोलीत खिडकीशी त्यांचं पायानं चालवायचं मशीन होतं. लेक दुसऱ्या गावी नोकरीला. बाई पहाटे बस काढायला जायच्या, त्यामुळे लग्नानंतर थोड्याच दिवसांत स्वयंपाकघर मास्तरांकडे गेलं आणि तिथेच राहिलं. हातकामाचा माणूस, हाताला चव होती. बाई जेवायला बसायच्या तेवढ्याच त्या खोलीच्या पाहुण्या.

खोली जुनीच होती. तपकिरी फरश्या, त्यांच्या सांध्यांत वर्षानुवर्षांचा काळपटपणा. ओटा काळ्या दगडाचा, त्याची कड कुठे संपते ते दिवसासुद्धा नीट कळायचं नाही. शेगडी पार कोपऱ्यात, दिवा पाठीमागे, म्हणजे शिजवणाऱ्याची सावली नेमकी भांड्यात. वरच्या कपाटांची दारं बाहेर उघडणारी, त्यातल्या एकाची बिजागरी ढिली, ते आपोआप उघडं पडायचं. मागच्या मोरीकडे जाताना चांगला वीतभर उंच उंबरठा. मास्तरांना यातलं काहीच खटकत नव्हतं. त्यांची बोटं अंधारातही मिठाच्या बरणीवर बरोबर पडायची.

बाई घरी बसल्या आणि आपटायला लागल्या. आधी उघड्या कपाटाचं दार कपाळावर. मग स्टूल. मग उंबरठ्याला अंगठा, तोही एकच, परत परत. मास्तर पुढच्या खोलीतून ओरडायचे, "आता काय पाडलंस?"

"काही नाही. तुमचं कपाट मध्ये आलं."

"नाचता येईना अंगण वाकडं! बस चालवायची बाई, आणि धडक मारायची घरात. वर दोष कपाटाला."

बाई हसायच्या आणि कपाळ चोळायच्या. त्यांच्या जिवाला स्वस्थता म्हणून नव्हती. पायाला भिंगरी लागलेलं माणूस चार भिंतींत अडकलं की भिंतींनाच हलवायला बघतं. एक दिवस त्यांनी मास्तरांच्या डब्यातला खडू घेतला आणि स्वयंपाकघरात रेघा मारायला सुरुवात केली. शेगडी इथे, खिडकीखाली. पाण्याची टाकी तिकडे. दुसऱ्या दिवशी त्या पुसल्या आणि नव्या मारल्या. तिसऱ्या दिवशी शेगडी पुन्हा सरकली. जेवताना चमचा हवेत थांबायचा, आणि मास्तरांच्या लक्षात यायचं की बाईसाहेब आमटीत नाहीत, भिंतीत आहेत.

"झालंय काय तुला?" ते विचारायचे.

"दारं सरकती करून घेऊ. ओट्याच्या कडेला पांढरी पट्टी. फळीखाली एक ट्यूब. आणि तो उंबरठा काढून टाकू. जास्त काही नाही."

"उंबरठा काढायचा? आपण काय काठी टेकत चाललोय?"

यावर बाई आमटी वाढून घ्यायच्या. सांगायचं अनेकदा ओठांवर आलं होतं. पण मास्तर काळजी करायला बसले की समोरचा माणूस धडधाकट असला तरी अंथरूण धरेल, असा त्यांचा स्वभाव. आणि दुसरं असं की जोवर आपण बोललो नाही तोवर ते यंत्रातच राहील, घरात येणार नाही, असं बाईंना उगाचच वाटत होतं.

त्यांनी सुतार बोलावला. मिस्त्री कमी बोलणारा. त्यानं टेप काढली, मापं घेतली, बिजागऱ्या हलवून पाहिल्या. माप घेताना त्यानं टेपेचं टोक बाईंच्या बाजूला धरलं, "जरा धरा बाई." बाई समोर बघत उभ्या. त्यानं पुन्हा म्हटलं. बाईंनी दचकून मान वळवली, टोक धरलं. मग मागे सरकल्या त्या थेट त्याच्या हत्यारांच्या पेटीत पाय घालून. मिस्त्रीनं त्यांच्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं, आणि पेटी उचलून बाहेर ओटीवर नेऊन ठेवली. बाईंना ते पेटी उचलणं झोंबलं.

त्या दिवसापासून त्यांची घाई वाढली. मिस्त्रीला सकाळी एक सांगायचं, संध्याकाळी निरोप पाठवायचा की नको, दुसरं करू. तो बिचारा एकदा दारात उभा राहून म्हणाला, "बाई, लाकूड एकदा कापलं की परत जोडता येत नाही. आधी ठरवा."

"ठरवतेय तर!"

"ठरवतेय कसली," मास्तर मशीनवरून उठून आत आले. "माझ्या खोलीची वाट लावतेय. इतकी वर्षं इथे रांधतोय मी. कोणी विचारलं मला, शेगडी कुठे हवी? तुला कंटाळा आला बसचा. आता माझा आलाय, असं सरळ सांग ना."

मिस्त्रीनं चपला घातल्या. नवरा-बायकोच्या भांडणात तिसऱ्यानं उभं राहू नये, एवढं त्याला कळत होतं.

मास्तरांच्या आवाजातला राग बाईंना ओळखीचा होता, पण त्याखालचं दुखणं नवीन होतं. आपण या माणसाला त्याच्याच खोलीतून बाहेर काढतोय असं त्याला वाटतंय, हे त्यांना तेव्हा कळलं. तरी खरं सांगितलं नाही. उलट म्हणाल्या, "भात मी उतरवते, तुम्ही जा." आणि उकळतं पातेलं फडक्यानं धरून, पाणी ओतायला मोरीकडे वळल्या.

मास्तर गेले नव्हते. ते त्यांच्या डाव्या हाताला उभे होते, अगदी जवळ. बाईंना ते दिसलेच नाहीत. पातेलं मास्तरांच्या कोपराला धडकलं आणि उकळतं पाणी त्यांच्या उजव्या पावलावर सांडलं.

मास्तर ओरडले नाहीत. खाली बसले. बाईंनी गार पाण्याची बादली ओढली, पाऊल त्यात बुडवलं, रिक्षा आणली. दवाखान्यातल्या बाकावर, ओल्या फडक्यात पाऊल गुंडाळून बसलेल्या नवऱ्याच्या शेजारी त्यांनी सांगितलं. यंत्र, दिवे, बटण, सगळं. समोरच्या भिंतीकडे बघत सांगितलं, थांबल्या नाहीत. शेवटी म्हणाल्या, "तुम्ही तिथे होतात. हातभर अंतरावर. मला दिसला नाहीत हो."

मास्तरांनी पावलावरचं फडकं नीट केलं. मग म्हणाले, "डेपोतल्या लोकांना माहीत आहे?"

"हो."

"मिस्त्रीला?"

"त्याला कळलं असावं."

"म्हणजे गावाला माहीत, फक्त माझ्यापासून झाकून ठेवलंस."

पुढचे काही दिवस घरात शब्द नव्हता. मशीनही बंद, कारण पाय पट्टीत. बाई उकडलेले बटाटे आणि अंडी करून वाढायच्या, मास्तर खायचे, मीठ कमी आहे हेसुद्धा सांगायचे नाहीत. बाईंना ते ओरडण्यापेक्षा जड गेलं. लेकीचा फोन आला तेव्हा मास्तरांनी तिला एवढंच सांगितलं, "तुझी आई आणि मी बोलत नाहीयोत. आमचं झालं की कळवतो." लेक घाबरली, मग हसली, मग म्हणाली, आधी आईला फोन द्या. बाईंनी तिलाही सगळं सांगितलं. दुसऱ्यांदा सांगणं थोडं सोपं गेलं.

एका दुपारी मास्तर लंगडत स्वयंपाकघरात आले. गळ्यात टेप, कानावर खडू.

"इकडे ये. उभी राहा. नेहमी राहतेस तशी."

बाई उभ्या राहिल्या.

"आता समोर बघ आणि सांग, माझा हात कुठे दिसायला लागतो." त्यांनी हात मागून हळूहळू पुढे आणला. बाई "आता" म्हणाल्या तिथे त्यांनी ओट्यावर खूण केली. दुसऱ्या बाजूनंही तसंच. दोन खुणांमधली जागा बघून मास्तर क्षणभर थांबले. ती त्यांच्या अंदाजापेक्षा लहान होती. त्यांनी नाक ओढलं आणि धंद्याच्या आवाजात म्हणाले, "तुझं काय चुकलं माहितीये? तू एकदम कात्री लावायला निघालीस. कपडा आधी टाचतात, घालून बघतात, मग पक्की शिलाई. मिस्त्रीला सांग, महिनाभर येऊ नको."

मग त्यांनी खोलीच टाचायला घेतली. लांब नळी जोडून शेगडी खिडकीखाली आणली. वरच्या कपाटांची दारं उतरवून भिंतीला टेकवून ठेवली आणि जागेवर जुन्या चादरीचे पडदे लावले. ओट्याच्या कडेला पांढऱ्या अस्तराची पट्टी डिंकानं चिकटवली. बाई तिथे रांधायला लागल्या आणि मास्तर स्टुलावर बसून चुका काढायला. पहिल्याच दिवशी कळलं की खिडकीखाली शेगडी म्हणजे वाऱ्यानं ज्योत विझते. ती थोडी अलीकडे आली. पडदे बाईंना आवडले. सरकती दारं नकोतच म्हणाल्या, सरकवलेलं दार कुठे थांबलंय तेही शोधावं लागेल. मास्तर त्यावर अडून बसले. पडद्यावर तेल उडणार, धुणार कोण? दोन दिवस वाद चालला. शेवटी वरची कपाटं उघडीच ठेवायची आणि डबे एका रांगेत, असं ठरलं. रांग कोणती यावर पुन्हा भांडण झालं. चहाची पूड आणि साखर यांच्या मधे मीठ कसं येऊ शकतं, हे बाईंना कधीच पटलं नाही.

खोलीत अजून एक नियम आला. मास्तर बाईंच्या मागून जाताना तोंडानं आवाज करायचे. आधी "आलो" म्हणायचे, मग कंटाळून हॉर्न वाजवायला लागले, "पों पों". बाई वळून म्हणायच्या, "बाजू द्या, गाडी मोठी आहे."

मिस्त्री आला तेव्हा काम थोडंच उरलं होतं. फळीखाली ट्यूब, उंबरठ्याच्या जागी उतार, कडेला पांढऱ्या दगडाची पट्टी. खिडकी मोठी करायची बाईंची फार इच्छा होती, पण वर तुळई होती, तिला हात लावता येत नव्हता. ते राहिलं ते राहिलंच.

बाईंची अस्वस्थता मात्र गेली नाही. ओटा पुसून झाला की त्या दारात जाऊन उभ्या राहायच्या, शाळा सुटायच्या वेळी तर हमखास. डेपोत नव्या ड्रायव्हरांना बसून शिकवायचं काम मिळेल का, म्हणून त्यांनी विचारून ठेवलं होतं. बघू म्हणाले होते, त्याला बरेच दिवस झाले. पुढच्या तपासणीला त्या मास्तरांना घेऊन गेल्या. मास्तर यंत्राशेजारी उभं राहून बघत होते, आणि दिवा लागला की त्यांचाच अंगठा हलत होता. कड आणखी थोडी आत आली आहे, डॉक्टरीणबाई म्हणाल्या. फार नाही.

परत येताना दोघं रंगाच्या दुकानात शिरले. मास्तरांना भिंत फिकी हवी होती, कापडासारखी. बाईंना पिवळी धमक.

"डोळ्यांत खुपेल इतकी पिवळी?" मास्तर म्हणाले.

"हो. खुपू दे."

दुकानदारानं दोन्ही डबे समोर ठेवले आणि कोणाचं ऐकायचं म्हणून दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं. मास्तरांनी पिवळ्या डब्याची कडी धरली.