उघड्या खोडाचं रोप

आई गेल्यावर मी आप्पांना निमोण्याहून शिरूरला माझ्याकडे आणलं. आमच्या घरातली पहिली पदवी मला त्यांच्यामुळे मिळाली. त्यांनी एकट्यानं भाकरी थापावी, हे मला सोसवेना. पण ते रोज परतीचंच बोलायचे. "लेकीच्या घरी किती दिस ऱ्हायचं? लोक काय म्हणत्याल?"

त्यांच्या हाताला काही काम हवं, म्हणून दौंडच्या दुकानातून काचेची टाकी, थोडे गप्पी मासे आणि अनुबियास नावाचं पाण्यात वाढणारं रोप आणलं. "हे सहसा मरत नाही," दुकानदार म्हणाला. "ऊन नको, खत नको. फक्त त्याचं जाड आडवं खोड वाळूत पुरू नका, दगडाला बांधा."

मी तसं बांधून ऑफिसला गेले. संध्याकाळी येऊन बघते, तर दोरा सुटलेला आणि खोड वाळूत गाडलेलं.

"उसाचं बेणं उघडं टाकलं तर उगवंल का? कालेजात शिकवत्यात तरी काय!" आप्पा म्हणाले.

आई गेल्यापासून ते पहिल्यांदाच माझी चेष्टा करत होते. मी रोप तसंच राहू दिलं.

पुढे पानं पिवळी पडली, खोड मऊ होऊन वास यायला लागला. आप्पा टाकीकडे फिरकेनात. एका सकाळी म्हणाले, "माझ्या हाताला आता येश न्हाई. मला गावी सोड."

मी टाकीत हात घातला. रोप उपसलं, सडका भाग कापला. बोटाच्या पेराएवढं घट्ट खोड आणि एक पान उरलं. "आप्पा, मी दगड धरते. तुम्ही बांधा."

टोमॅटोची झाडं तारेला बांधत, तशी त्यांनी सैल गाठ मारली. "आवळू नगं, जीव गुदमरल त्येचा!" बांधत होते स्वतः, ओरडत होते माझ्यावर.

मग ते टाकीपाशी खुर्ची ओढून बसायला लागले. बऱ्याच दिवसांनी, मी चपला काढायच्या आत हाक आली, "पोरी, कोंब हाय बघ!" तांदळाच्या दाण्याएवढं हिरवं टोक होतं.

त्याच रात्री चुलत्यांचा फोन आला, कधी येताय म्हणून.

"आत्ता न्हाई जमायचं," आप्पा म्हणाले. "हितं पान उघडायचंय. कवा म्हंजी? आरं, लई दमानं वाढतंय हे, बाबा."