पाठीचा स्नायू आणि मिठाची फळी

फिजिओथेरपिस्टला किस्से शोधत फिरावं लागत नाही. पेशंटचा हात वर धरून "दहापर्यंत मोजा" म्हटलं, की तीनवर मोजणं थांबतं आणि गप्पा सुरू होतात. नव्वदच्या दशकात माझं क्लिनिक पेणला रामवाडीत होतं, गुरुवारी मी रोह्याला जायचे. तेवढ्या काळात पोतंभर किस्से जमले.

*

निम्मे हिराबाईंचे. त्या धरमतरकडे मिठागरात कामाला होत्या. मुंबईत कॅन्सरमुळे एक स्तन काढला आणि सर्जननं पाठीचा एक स्नायू काखेखालून पुढे आणून नवा घडवला. माझ्याकडे आल्या त्या पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं, "मीठ वढता येल ना?"

ठेकेदार डॉक्टरी चिठ्ठीशिवाय कामावर घेणार नव्हता. मी पुस्तकी उत्तर दिलं, ओढायचा स्नायू तोच, तेव्हा चिठ्ठी नाही.

"मंग घरात बसून करू काय?"



*

एकदा घाबऱ्याघुबऱ्या आल्या. "खोकला आला का छातीवर कोन उडतो?"

मी सांगितलं, स्नायू पुढे आला तरी त्याची नस पाठीचीच आहे. खोकताना पाठ आवळली की तोही आवळतो.

"म्हंजे बदलीची आर्डर त्याला पोचलीच नाय," हिराबाई म्हणाल्या.

*

रोह्याच्या एका शिक्षिकेचंही असंच ऑपरेशन. खांदा आखडलेला, म्हणून फळ्याच्या खालच्या अर्ध्या भागावरच लिहायच्या. तीन महिन्यांनी हात वरपर्यंत गेला. मी खूश, त्या खूश. वर्गातली बुटकी पोरं मात्र म्हणाली, "बाई, खालीच लिवा ना, आमाला पन पुसता येतो."

*

हिराबाईंना मी भिंतीवर बोटं चढवायला सांगितलं होतं. जिथवर पोचतील तिथं कोळशाची खूण. दिवाळीत नवऱ्यानं सगळं घर चुन्यानं रंगवलं, तेवढी पट्टी सोडून. पाहुण्यांना सांगायचा, "ती हिची शाळा हाय."

*

मिठाचा हंगाम लागला तरी मी चिठ्ठीला नाहीच म्हणत होते. एक दिवस हिराबाई मला मिठागरावरच घेऊन गेल्या. लांब दांड्याची लाकडी फळी हातात दिली. "वढ."

माझे दोन्ही खांदे धडधाकट. दात-ओठ खाऊन ओढलं. फळी मिठात रुतली ती रुतलीच.

हिराबाईंनी दांडा घेतला, कोपर पोटाशी धरलं आणि शांतपणे उलट्या पावली चालायला लागल्या. मिठाची रास त्यांच्यामागोमाग बांधापर्यंत आली.

"मीठ काय हातानं वढतात व्हय गो? हात नुसता धराया. लिव आता चिठ्ठी."